खडूची दुसरी खूण

४ फेब्रुवारी

ही वही कामाची. गाडी कधी आली, काय केलं, कधी गेली, एवढंच लिहायची शिस्त वडिलांनी घालून दिली. पण आजपासून मागच्या पानांवर दुसरंच लिहिणार आहे, कारण बोलून दाखवायला माणूस नाही. मला भीती वाटतेय. साठीला आलेला मेकॅनिक मी, चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली, आणि एका कामाने हातपाय गार पडलेत.

काम घरचंच आहे. लेक जनावरांची डॉक्टर झाली. डोंगरातल्या अकरा वाड्या तिच्याकडे दिल्यात, एक मार्चला हजर व्हायचंय. गाडी आमचाच जुना पिकअप. इंजिन अजून ठणठणीत, पण जोर फक्त मागच्या दोन चाकांना. खडीचा चढ आला की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात आणि गाडी उलटी घसरते. काल ती मला दाखवायला वर घेऊन गेली. तिसऱ्या वळणावर गाडी चार हात मागे आली. उजव्या अंगाला खोल दरी. ती हसत होती, मी दाराची कडी धरून बसलो होतो.

"बाबा, पुढच्या चाकांनाही जोर देता येतो ना?"

"येतो. पण पुढचं सगळं कापून काढावं लागतं."

"मग काढू या की."

भाजी निवडायला बसू या, अशा सुरात म्हणाली.

६ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडे एक आडवी झालेली जीप होती. तिचा पुढचा अ‍ॅक्सल, कमानपाटे, गिअरबॉक्स आणि इंजिनचा जोर पुढे-मागे वाटून देणारा डबा, सगळं एकाच गाडीचं मिळालं. भंगारवाला म्हणाला, "एका घरची भांडी आहेत, आपसात भांडणार नाहीत."

आमच्या पिकअपची पुढची चाकं दोन वेगवेगळ्या हातांवर झुलतात. ते हात काढायचे, आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत आरपार एकच भरीव अ‍ॅक्सल पाट्यांवर बसवायचा. पाटे चेसिसला धरून ठेवणार चार ब्रॅकेट. चारही वेल्डिंगने जोडायचे, म्हणजे मीच जोडायचे. चारातला एक जरी सुटला तरी अ‍ॅक्सल तिरका होतो आणि स्टेअरिंग नुसतं हातात फिरत राहतं. उतारावर असं झालं तर काय, ते मी इथे लिहिणार नाही.

७ फेब्रुवारी

कापलं. सकाळी ग्राइंडर हातात घेऊन अर्धा तास नुसता उभा होतो. हिने चहा आणला. म्हणाली, "अहो, गाडी तुम्हाला चावते का?" मग सुरू केलं. दुपारपर्यंत पुढचे दोन्ही हात जमिनीवर पडले आणि पिकअप लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर नाक वर करून उभा राहिला. आता मागे फिरायची वाट नाही.

ठिणग्या पूर्वीसारख्या लख्ख उडत नाहीत. हल्लीच्या चकत्याच निकृष्ट.

९ फेब्रुवारी

अख्खा दिवस वाया गेला. अ‍ॅक्सल चेसिसला सरळ बसलाय का, हे पाहायला मागच्या एका ठरावीक भोकापासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजतात. डावीकडे एकशे अठ्ठ्याऐंशी भरलं, उजवीकडे एकशे त्र्याऐंशी. पाच सेंटिमीटरचा फरक म्हणजे गाडी खेकड्यासारखी चालणार. चेसिसच वाकडी आहे की काय, असं वाटलं. तीनदा सोडलं, तीनदा बसवलं.

लेक संध्याकाळी आली. तिने टेप धरला. "दोन्हीकडे एकशे अठ्ठ्याऐंशीच आहे की."

"नीट बघ."

"बघितलं, बाबा." मग थोडा वेळ ती टेपकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

टेप जुना झालाय, आकडे पुसलेत. नवा आणायला सांगितला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसलो. मीही हसलो.

१२ फेब्रुवारी

चारही ब्रॅकेट जागेवर टाके मारून धरले. टाके म्हणजे कच्ची शिवण, चारचार ठिकाणी ठिपक्याएवढं वेल्ड. पक्कं नंतर.

पाट्यांचे बोल्ट हवे होते. ते समोरच, रस्त्यापलीकडच्या दुकानात मिळतात. पण त्या दुकानात धाकटा बसतो, म्हणून लेकीला पाठवलं. माझा भाऊ. सहा वर्षांपूर्वी या शेडमधून गेला तो परत इकडे आला नाही. भांडण नाही. दिसलो की तो मान हलवतो, मी मान हलवतो. लेक मात्र रोज जाते.

बोल्ट घेऊन आली आणि म्हणाली, "काका विचारत होते, दुसरी खूण कोण करणार?"

मी म्हटलं, त्याला सांग, आपलं दुकान सांभाळ.

१३ फेब्रुवारी

दुसऱ्या खुणेचं इथे लिहून ठेवतो. वडिलांचा नियम होता: ज्याने वेल्ड केलं त्याने खडूची एक खूण करायची, आणि दुसऱ्या माणसाने खाली शिरून, बघून, मगच शेजारी दुसरी खूण करायची. आपल्या हाताचं काम आपल्या डोळ्याला नेहमी गोडच दिसतं, असं ते म्हणायचे. दोन खुणा झाल्याशिवाय गाडी शेडबाहेर जायची नाही. आम्ही दोघे भाऊ वीस वर्षं एकमेकांच्या कामावर खुणा करत होतो. धाकटा गेल्यापासून दोन्ही खुणा मीच करतो. गिऱ्हाइकाला काय कळतंय.

१५ फेब्रुवारी

पक्कं वेल्डिंग झालं. तीन ब्रॅकेट सुतासारखे सरळ गेले. चौथा उजव्या अंगाचा, स्टेअरिंगच्या डब्यामागे, उताणं पडून डोक्यावर हात करून करायचा. तिथे उजेड पोचत नाही. शेडमधला दिवा या महिन्यात दोनदा बदलला, तरी पिवळाच. वेल्डिंगच्या मुखवट्याची काचही बदलली. वेल्ड चालू असताना झगझगीत दिसतं आणि थांबलं की धुकं. तरी हात चाळीस वर्षांचा आहे. शेवटी खपली झटकली तेव्हा एकसारखी लहर उमटलेली हाताला लागली. सुंदर काम.

खडूची एक खूण केली. मग दुसरी.

दुसरी करायला हात लवकर उठला नाही. का, ते मला माहीत आहे. उद्या लिहीन.

१६ फेब्रुवारी

लिहितो. सहा वर्षांपूर्वी एक ट्रॉली आली होती, ओढायची दांडी तुटलेली. धाकट्याने वेल्ड केलं, त्याची खूण केली. मी दुसरी खूण केली. चार दिवसांनी ती ट्रॉली इथेच दुरुस्तीला परत आली, चढावरून आत घेताना दांडी त्याच जागी सुटली, ट्रॉली मागे आली आणि धाकट्याचा पाय भिंतीत सापडला. गुडघा आता वाकत नाही.

सगळे म्हणाले, त्याचंच वेल्ड कच्चं होतं. तोही म्हणाला, माझीच चूक. मी काहीच म्हणालो नाही.

आणि खरं ते हे, की दुसरी खूण करताना मी खाली शिरलोच नव्हतो. बघितलंच नव्हतं. एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हाताने खूण केली. धाकट्याचं काम आहे, त्यात काय बघायचं, असं वाटलं. ही गोष्ट हिला माहीत नाही, लेकीला माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ सहा वर्षं झाकलेली आहे आणि आत काही सुखाचं नाही.

१९ फेब्रुवारी

पुढे जोर नेणारा शाफ्ट बसला. गाडी उंच झाली म्हणून ब्रेकचे पाइप लांब घातले, नाहीतर खड्ड्यात ताणून फुटायचे. स्टेअरिंगचा दांडा नवा केला. नटावर पाना बसवताना तो तीनदा हुकला आणि बोटं सोलली. चहाही आज बशीत कमी, टेबलावर जास्त पडला. जीव थाऱ्यावर नसला की असंच होतं.

या वहीच्या रेघा फार फिक्या छापल्यात. अक्षर मोठं काढावं लागतं, चार शब्दांत ओळ भरते.

२१ फेब्रुवारी

आज गाडी पहिल्यांदा चाकांवर उतरवली आणि शेडमागच्या मैदानात चालवली. पुढची चाकं ओढतात! मातीच्या ढिगाऱ्यावर ती अशी चढली की लेक टाळ्या वाजवायला लागली. मलाही क्षणभर भीतीचा विसर पडला.

परत येताना रिकाम्या ऑइलच्या पिंपावर धडकलो. कोणीतरी वाटेतच ठेवलं होतं. बंपर चेपला, बाकी काही नाही.

"बाबा, ते पिंप तिथे माझ्या लहानपणापासून आहे," लेक म्हणाली.

२२ फेब्रुवारी

आवाज येतो. ब्रेक दाबला की उजव्या अंगाने एकदाच, 'टक्'. सगळे बोल्ट आवळले. परत टक्. नवे पाटे जागा धरत असतील.

जेवताना टक्. आंघोळ करताना टक्. गाडी बाहेर उभी आणि मला घरात टक् ऐकू येतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तिसऱ्या वळणावरची ती दरी डोळ्यांपुढून हलत नाही, आणि गाडीत मी नसतो, लेक असते.

२४ फेब्रुवारी

लेकीने एक औषधाची बाटली समोर धरली. "बाबा, यावर काय लिहिलंय हो? माझा चष्मा आत राहिला."

मी म्हटलं, काय गं, डॉक्टर तू की मी? आणि हात धुवायला उठलो. तिचा चष्मा तिच्या डोक्यावरच होता, हे मागाहून हिने सांगितलं. विसराळू पोरगी.

मग दुपारी ती गाडीखाली शिरून बाहेर आली. चेहरा उतरलेला. "चारही ब्रॅकेटवर दोन-दोन खुणा आहेत."

"असणारच."

"दोन्ही तुमच्याच. तुमची खूण डावीकडे झुकते, काकांची उभी असते. मी लहानपणी या शेडमध्येच बसून अभ्यास केलाय, बाबा."

मी चिडलो. चाळीस वर्षांचा हात आहे माझा, वगैरे पुष्कळ बोललो. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काकांची खूण झाल्याशिवाय मी चावी फिरवणार नाही. नाही जमलं तर नोकरी सोडेन. पण तुमच्या गाडीत मला काही झालं तर तुमचं काय होईल, ते मला बघायचं नाही."

तिला वाटतं मला मोठेपणा आड येतोय. खरं तर मला धाकट्याची भीती वाटते. तो खाली शिरेल, नीट बघेल, आणि बघणं म्हणजे काय असतं हे मला कळेल.

२६ फेब्रुवारी

रस्ता ओलांडला. बारा पावलांचा रस्ता, सहा वर्षं लागली.

धाकटा गल्ल्यामागे पाय लांब करून बसला होता. मी काउंटरवरच्या वायसरच्या पुड्यांशी चाळा करत उभा राहिलो.

"काय पाहिजे, दादा?"

"खूण पाहिजे."

तो उठला. काठी घेतली, शटर अर्धं ओढलं. रस्त्यात एक मोटारसायकल अगदी जवळून गेली तेव्हा त्याने माझं कोपर धरलं. लंगडा तो, आणि धरलं त्याने मला. शेडच्या दारात थांबून तो वास घेत होता.

"उद्या सकाळी बघतो. ऊन आत येतं तेव्हा," म्हणाला.

२७ फेब्रुवारी

फळीवर उताणं पडायला त्याला पाच मिनिटं लागली. न वाकणारा पाय बाहेर राहिला. मी त्या बुटाकडे बघत स्टुलावर बसलो होतो. लेक दारात उभी होती. तासभर आतून फक्त छोट्या हातोडीचा आवाज. ठण. ठण. ठण.

पहिला ब्रॅकेट झाला. "चांगला आहे." दुसरा. "चांगला." तिसऱ्यावर म्हणाला, "दादा, हात अजून तोच आहे तुझा." मी स्टूल फळीजवळ सरकवलं.

चौथ्याला हातोडी बद्द वाजली. परत मारली. बद्द.

"दादा, आत ये."

मी शिरलो. दोघे भाऊ गाडीखाली शेजारीशेजारी, वीस वर्षं पडायचो तसे.

"काय दिसतं?"

"वेल्ड दिसतं. एकसारखं आहे."

"जोड कुठाय?"

मी बघितलं. सगळं करडं होतं. "वेल्डखाली," म्हटलं.

त्याने माझं बोट धरलं आणि लोखंडावरून हळूहळू नेलं. आधी वेल्डची लहर लागली, चांगली, गुळगुळीत. मग तिच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर सोडून, एक फट. नख आत गेलं. मी ते नख त्या फटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. वेल्ड जोडावर नव्हतंच, जोडाच्या शेजारून गेलं होतं. ब्रॅकेट नुसत्या पहिल्या चार कच्च्या टाक्यांवर लटकत होता. त्यातला एक तुटलेला होता. टक्.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात. मी पाठीवर पडलो होतो, तरी ती सरकली.

"किती दिवस झाले?" धाकट्याने विचारलं. वेल्डबद्दल नव्हतं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला वाटलं दिवे पिवळे आहेत."

लेक दारात होती. तिने सगळं ऐकलं. ती आत आली नाही, बाहेर जाऊन पिंपावर बसली आणि तोंड झाकून घेतलं.

२८ फेब्रुवारी

धाकट्याने ते वेल्ड घासून काढलं आणि नव्याने केलं. सहा वर्षांत त्याने वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नव्हता. पहिला रॉड चिकटला तेव्हा अशी शिवी दिली की ही घरातून बाहेर आली.

झाल्यावर त्याने खडूची एक खूण केली आणि खडू माझ्या हातात दिला. "आता दुसरी."

"मला दिसत नाही रे." हे वाक्य तोंडातून पहिल्यांदाच निघालं.

"दिसायला कोण सांगतंय? खाली शीर."

मी शिरलो. लोखंड निवल्यावर डोळे मिटून बोटाने सुरुवात केली. एक-एक लहर, एक-एक कोपरा, वरून, खालून, नखाने, मग बोटाच्या पेराने. कुठे फट नव्हती. परत पहिल्यापासून केलं. हातोडी मारून ऐकलं. ठण. दीड तास झाला असेल. धाकटा स्टुलावर बसून होता, घाई कर म्हणाला नाही.

तिथूनच, गाडीखालूनच, मी बोललो. समोर बसून जमलं नसतं. "ट्रॉलीच्या वेळी मी बघितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"चहा पीत होतो."

"माहीत आहे, दादा. तू वाकलासुद्धा नाहीस, उभ्या उभ्या खूण केलीस. मी तिथेच तर होतो."

"मग बोलला का नाहीस?"

बराच वेळ त्याचा बूट हलत राहिला. "वेल्ड माझंच कच्चं होतं. आणि तू कधीतरी सांगशील, असं वाटलं. मग वाट बघायची सवय लागली."

मी खडू घेतला आणि त्याच्या खुणेशेजारी माझी केली. डावीकडे झुकली असेल.

१ मार्च

सकाळी सातला लेक निघाली. औषधांचं खोकं, सुया, दोर, गमबूट, सगळं मागे बांधलं. निघताना माझ्या खिशात एक चिठ्ठी कोंबली. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, बारा मार्चची. धाकट्याने वाचून दाखवली, वर नाव नोंदवल्याची तारीखही वाचली: दहा फेब्रुवारी. म्हणजे टेपच्या दुसऱ्याच दिवशी. मी हिच्याकडे वळलो, तर ही पदराशी चाळा करत होती. घरात फक्त मलाच ठाऊक नव्हतं तर.

भीती गेलेली नाही. दोन खुणा असल्या तरी बापाच्या छातीत धडधडायचं ते धडधडतंच. गाडी फाटकातून बाहेर पडली, ब्रेक लागला, मी कान टवकारले. आवाज आला नाही. नंतर एक करडा डाग रस्त्यावर सरकला आणि तोही विरला.

"दिसते का?" मी विचारलं.

धाकटा काठीवर रेलून उभा होता. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. "पूल ओलांडला. आता खडीला लागली. पहिलं वळण."

"घसरतेय का?"

"नाही. पुढची चाकं ओढतायत. दुसरं वळण. जरा हळू झाली. समोरून शेळ्या आल्यात बहुतेक."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

"तिसरं?"

तो काठीवर पुढे झुकला. 

"धाकट्या, तिसरं वळण?"

"थांब की, नीट बघू दे," तो म्हणाला. "हां. गेली वर."